दादाचं चार्जिंग

करंजाडे,
१८ नोव्हेंबर २०२५

सुगतदादा,
जयभीम.

तू माझा नंबर ब्लॉक केलास, म्हणून कागद. आईचं प्लास्टर काल काढलं. काठी घेऊन चालते, दोन्ही वेळा जेवते. खुशाली संपली.

तू आईसाठी पाठवलेला नवा फोन या खोक्यात परत आहे. त्याला केबल लावावी लागते. संधिवाताने वाकलेल्या बोटांनी तिला ती पिन लावता येत नाही, हे तुला माहीत नसावं. म्हणूनच मी ते बिनवायरचं चार्जर केलं होतं, ज्याला तू सदूमामासमोर "हिची भंगारातली खटपट" म्हणालास. लाकडी टीपॉयखाली तांब्याच्या तारेचं एक वेटोळं आहे, दुसरं आईच्या गळ्यातल्या पिशवीत. त्या दुसऱ्याची यूएसबी पिन फोनला कायमची लावलेली. पिशवी टीपॉयवर ठेवली की वीज वायरशिवाय वर पोचते, हिरवा दिवा लागतो. तिच्या टॉर्चचा सेलही तिथेच भरतो.

आई पडली त्या दिवशी दवाखान्यात मामा मला म्हणाले, "काय गं इंजिनीअरबाई, ऐन टायमाला तुझ्या त्या डब्यात करंट नव्हता व्हय?"

तू शेजारीच होतास. "आईचा फोन बंद लागत होता मामा. नाहीतर खांदेश्वरहून यायला मला कितीसा वेळ लागतो?"

आणि आई कॉटवरून म्हणाली, "व्हय, बंदच व्हता."

मी तिथे गप्प बसले. इथे बसणार नाही.

फोन चालू होता. पावण्याच्या कंपनीतून जेवणाच्या सुट्टीत मी रोज करते तसा फोन केला, तिने लगेच उचलला. आवाज बारीक होता. "मोरीत पडलेय गं. पाय हलंना. दादाला लावला, रिंग जातेय, पन त्यो उचलंना. बगंल आन् करंल." भिंतीला टेकून ती तुझ्या फोनची वाट बघत होती. त्या दिवशी तुझी साप्ताहिक सुट्टी होती.

तू का उचलला नाहीस, हे मला विचारायचं नाही.

अँब्युलन्समध्ये मी तिला एवढंच विचारलं, मला का नाही लावलास? "तू कामावर व्हतीस." त्याबद्दल मी आणखी लिहिणार नाही.

खोक्यात तशीच वेटोळी बसवलेली एक फळी आणि एक पिशवी आहे. तुझ्यासाठी. माझी इच्छा नव्हती. आई रोज मागे लागली, "दादाला बी एक करून दे. त्येचं चार्जिंग लई लवकर संपतंय." इतकी वर्षं तू तिला हेच सांगत आलास. ती ते खरं मानते, की मानल्याचं दाखवते, हे मी तपासलेलं नाही.

फळी प्लगला लाव. पिशवीतली पिन फोनला लावून पिशवी तिच्यावर मधोमध ठेव. मध्ये किल्ल्या, स्टीलचं ताट, काही येऊ देऊ नकोस. ते तापतं आणि फोन उपाशी राहतो. हिरवा दिवा लागला की फोन भरतोय असं समज. माझं काम तिथे संपतं.

सोमवारपासून मी पुन्हा पावण्याला कामावर जाईन. दिवसभर ती घरात एकटी असेल. काही झालं तर पहिला फोन ती तुलाच करणार आहे. मी समजावून पाहिलं. ऐकत नाही.

उचल.

अस्मिता