जेवणाच्या सुट्टीतला बॅकअप

३ नोव्हेंबर, सोमवार

पुन्हा तेच! एकला बॅकअप सुरू केला, दोनला संपला, आणि दोनपासून सगळं ठप्प. एका मुलाची माहिती उघडायला एवढा वेळ लागला की मुलीची आई म्हणाली, "तोवर पोरीचं वय निघून जाईन ना गा!" बाकावरचे सगळे हसले. मी सोडून.

संध्याकाळी कृष्णकांतकाकांनी केबिनमध्ये बोलावलं. वधू-वर केंद्र त्यांचं, बावीस वर्षांचं, अर्ध्या नागपूरची लग्नं जुळवल्याचा त्यांचा दावा. शांतपणे म्हणाले, "मोहित, तुळशीचं लग्न लागलं. आता सीझन. महिनाअखेरपर्यंत मशीन पळालं नाही, तर हे काम गौरांगच्या कंपनीला देऊन टाकीन." गौरांग म्हणजे त्यांचा भाचा. काकांच्या घरचा वायफाय त्याने लावून दिला, तेवढ्यावर तो तज्ज्ञ!

नोकरी गेली तर चौतिसाव्या वर्षी मी पुन्हा शून्यावर. आणि वधू-वर केंद्रात काम करून मला माहीत आहे, बिननोकरीच्या मुलाची माहिती कोणत्या ढिगात जाते.

४ नोव्हेंबर, मंगळवार

रोग मला कळला आहे. कोणाला सांगता येत नाही, एवढीच अडचण.

सर्व्हरची मेमरी म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. रोज लागणारं मीठ, तिखट, चहा-साखर ओट्यावर. हात घातला की मिळालं. बॅकअप काय करतो? माळ्यावरची सगळी पितळी भांडी, लग्नातले हंडे, घागरी, सगळं एकदा खाली काढून मोजतो. ते ठेवतो कुठे? ओट्यावर! मीठ-तिखट ढकलून देतो मागच्या खोलीत. मोजणी संपवून स्वतः निघून जातो. मग आम्ही बसतो मीठ शोधत.

आमच्या माळ्यावर काय आहे? बावीस वर्षांच्या पत्रिका, फोटो, आणि जुळलेल्या प्रत्येक लग्नाची पत्रिकासुद्धा स्कॅन करून. ज्यांची पोरं आता कॉलेजात आहेत त्यांचे "मुलगी पाहायला साडीतला फोटो" रोज दुपारी माझ्या मेमरीत येऊन ऐसपैस बसतात.

रात्री का घेत नाही बॅकअप? कारण काका रात्री मशीन चालू ठेवू देत नाहीत. "मालक घरी अन् मशीन एकटं कामावर? दार उघडं टाकून झोपतं का कोणी?" समोर माणूस बसलेला पाहिजे, नारळ फोडलेला पाहिजे, आणि राहुकाळ नको. बुधवार-गुरुवारी दुपारी राहुकाळ, म्हणून त्या दोन दिवशी बॅकअप सकाळी अकराला. त्या दिवशी ऑफिस बारापासूनच झोपतं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

घोटाळा! बाबा ऑफिसात आले.

संत्र्याचा बगीचा यंदा झाडावरच व्यापाऱ्याला दिला, त्यामुळे नरखेडला त्यांना काम नाही. दिवाळीपासून माझ्याकडे हुडकेश्वरला आहेत. घरी बसून कंटाळले. आई गेल्यापासून त्यांना भिंती पाहवत नाहीत, हे मला समजतं. पण म्हणून थेट माझ्या ऑफिसात? आले ते रिसेप्शनवर नूपुरसमोर उभे राहून मोठ्यानं, "माह्या पोराचं नाव घाला. तुमच्याच इथं कामाले हाय. कॉम्प्युटरवाला. सभाव चांगला हाय, फक्त बोलत नाही."

सगळा बाक माझ्याकडे वळून पाहायला लागला. नूपुरने हसू दाबत माझी माहिती भरली. रंगाच्या रकान्यात बाबांनी सांगितलं, "मधातलाच लिहा. ना गोरा, ना काळा."

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज इंटरनेटवर एक कमांड सापडली. बॅकअप संपला की मेमरी झाडून साफ करते. वा म्हटलं! लावली.

साफ झाली. मीठ, तिखट, चहा-साखर सगळ्यासकट! ओटा चकाचक, आणि ओट्यावर काहीच नाही. आगीतून फुफाट्यात. एक जोडपं लग्न जुळवायला आलं होतं मुलाचं, वाट पाहता पाहता त्यांचंच भांडण झालं.

काकांनी सर्व्हरला लिंबू-मिरची बांधली. माझ्या कमांडपेक्षा तिने कमी नुकसान केलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

बाबा रोज येतात! दोन वाजता, डबा खाऊन, पांढरी टोपी घालून. म्हणतात, "तुह्या स्थळांवर लक्ष ठेवाले येतो." दोननंतर मशीन अडतं, बाक भरतो, आणि बाबा बाकावर दरबार भरवतात. कोणाची शेती कुठे, कोणाचा मामा कोण, सगळं काढतात.

आज त्यांच्या शेजारी रंभाबाई म्हणून एक बाई होत्या. खापरखेड्याच्या. नवरा पॉवर स्टेशनात होता, वारला. मुलीसाठी स्थळ पाहायला येतात. एक माहिती उघडेपर्यंत परतीची बस पकडायची वेळ होते, म्हणून बिचाऱ्या रोज येतात. मला वाईट वाटलं. माझ्या मशीनपायी त्यांना रोजची खेप!

साडेतीनला त्यांना घ्यायला मुलगी आली. सोनिका. सदरला लॅबमध्ये असते. माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "काय झालं हो तुमच्या सर्व्हरले? रोजच आजारी?" मी ओट्याचं उदाहरण दिलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत... नाही, खरं सांगायचं तर आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी शेवटपर्यंत ऐकलं! म्हणाली, "मंग बॅकअपले सांगा ना, भांडं मोजलं की लगेच जागेवर ठेव. पुढचं काढाच्या आधी."

अगदी तेच करायचं आहे. अगदी तेच!

१२ नोव्हेंबर, बुधवार

सोनिका. छान नाव आहे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

जमलं!!

बॅकअपला सांगितलं: फाईल एकदाच वाचतो आहेस, वाचून झाली की तिची जागा लगेच सोड. चालवून पाहिलं. तरी दोननंतर थोडं अडखळलं. का? डोकं खाजवलं. मग लक्षात आलं. तो माळ्यावरच्या भांड्यांसोबत ओट्यावरचं मीठही उचलून मोजत होता, आणि मोजलं म्हणून तेही आत ठेवून येत होता! मग दुसरी अट घातली: उचलायच्या आधी बघ, वस्तू आधीपासून ओट्यावर होती का? असेल तर तिथेच राहू दे. आणि बॅकअपला मेमरीचं कुंपणही घातलं, याच्या पलीकडे पाय पसरायचे नाहीत.

दुपारी दोन. मशीन वाऱ्यासारखं. नूपुरने तर दोनदा खात्री केली की चालू आहे ना. काकांनी पाठीवर हात ठेवला. गौरांग गेला उडत!

बाबांना म्हटलं, बघा! तर म्हणाले, "हं." बस. हं!

१५ नोव्हेंबर, शनिवार

रंभाबाईंनी आज सगळी स्थळं एका बैठकीत पाहिली. दहा मिनिटांत. सगळी नाकारली. निघून गेल्या. बाबा बस स्टॉपपर्यंत सोडायला गेले, ते बराच वेळ आले नाहीत.

सोनिका आलीच नाही. येणार कशाला? आईला घ्यायला यायची ना ती.

१७ नोव्हेंबर, सोमवार

बाक रिकामा.

लोक येतात, टकटक पुढे ढकलतात: हा नको, केस कमी, हा नको, पुण्याला असतो, ही नको, जास्त शिकली. उठले, गेले. काका केबिनच्या दारात उभे. मला वाटलं शाबासकी देणार. ते बाकाकडे बघत होते.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

बाबा जेवले नाहीत. वांग्याची भाजी केली होती, त्यांच्या आवडीची. विचारलं तर उसळले. "चाललं होतं ना बरं! काहून दुरुस्त केलं बे ते मशीन?"

"माझी नोकरी होती बाबा."

"तुही नोकरी! माणसं दोन घडी बसत होते, बोलत होते. आता कुत्रं नाही येत त्या बाकावर."

तोंड फिरवून झोपले. मला इतकं वाईट वाटलं. या वयात माझ्या लग्नासाठी माणूस रोज बाकावर बसून मेहनत करत होता, आणि मीच त्यांचा बाक मोडला. आणि सोनिका खापरखेड्याला. तिचा नंबर नूपुरकडे आहे, पण तो ग्राहकांचा गोपनीय नंबर आहे. नोकरीत इमान म्हणून काही असतं की नाही!

१९ नोव्हेंबर, बुधवार

जे ऐकलं ते लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

काका म्हणाले, "मोहित, पूर्ववत करा."

म्हटलं, काय?

"मशीन. पूर्वीसारखं हळू करा. या आठवड्यात एक बैठक ठरली नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा. आत्ता कळलं मला, जोड्या त्या यंत्रावर जुळतच नव्हत्या. बाकावर जुळत होत्या. एकाचं स्थळ उघडेना म्हणून तो शेजारच्याशी बोलायचा, शेजारच्याची मुलगी निघायची."

"पण काका, हे बिघडवणं झालं!"

"बिघडवा मग. पगार त्याचाच आहे."

काय हे! चोर सोडून संन्याशाला फाशी ऐकलं होतं. इथे रोग सोडून डॉक्टरला फाशी! आयुष्यातलं माझं सर्वांत सुंदर काम, आणि ते काढून टाकायचं. दोन्ही अटी, कुंपण, सगळं. डोळ्यांत पाणी आलं. खोटं का लिहू?

मग एकदम मनात आलं: मशीन हळू झालं की रंभाबाई येणार. रंभाबाई आल्या की साडेतीनला...

म्हटलं, "करतो काका."

२० नोव्हेंबर, गुरुवार

केलं. मात्र वेळ बांधून. दुपारी दोन ते चार बॅकअपला मोकळं रान, बाकी दिवसभर शिस्तीत. गुरुवारी तीनपर्यंत राहुकाळ, काकांनी तो "या कामासाठी क्षम्य" ठरवला.

नूपुर फोनवर विचारते आहे, "हळूवालं पाहिजे की फास्टवालं?" सगळ्यांना हळूवालं पाहिजे! बाकावर जागा नाही. काकांनी आतून प्लास्टिकच्या खुर्च्या काढल्या.

बाबांनीच रंभाबाईंना फोन करून कळवलं म्हणे. त्यांच्याकडे नंबर होता! मी इमान सांभाळत बसलो.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

मशीन अडलं. रंभाबाई आल्या. बाबांनी त्यांना संत्री सोलून दिली. साडेतीनला सोनिका आली, माझ्याकडे पाहून हसली. "दुरुस्त झाल्तं म्हणे, मंग बिघडवलं काहून?" म्हटलं, व्यावसायिक गुपित.

रात्री बाबा म्हणाले, "रविवारी खापरखेड्याले जाचं हाय. रंभाबाईच्या घरी. चांगले कपडे घाल."

मी काही विचारलं नाही. लाज वाटली. चादरीत तोंड घालून हसलो. वेडाच आहे मी!

२३ नोव्हेंबर, रविवार

सविस्तर लिहितो.

सकाळी बाबा न्हाव्याकडून आले ते केस काळे करून! म्हटलं, हे काय? "चार लोकांत जाचं हाय," म्हणाले. नवा शर्टही घेतलेला. मी माझा जुनाच घातला, ठीक होता.

रंभाबाईंचं घर कॉलनीच्या मागे, अंगणात तुळस, पांढरी जास्वंद. सोनिकाचे मामा नागपूरहून आलेले. तर्री-पोहे झाले. मग मामांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली, सगळे बाबांना! शेती किती, पाणी आहे का विहिरीला, तब्येत कशी, बीपी आहे का, तंबाखू खाता का. मी म्हटलं, घराणं तपासताहेत, आनुवंशिक काही आहे का ते. सुशिक्षित लोक आहेत, चांगलंच आहे. पण मला म्हणून एक प्रश्न नाही! पगारसुद्धा विचारला नाही. म्हणजे माझ्याबद्दल शंकाच नव्हती कोणाला. छाती भरून आली.

बाबा खाली मान घालून उत्तरं देत होते. कधी नव्हे ते हळू आवाजात. पोराचं लग्न म्हटलं की बापाची मान अशी होते, हे आज पाहिलं. आई असायला हवी होती असं वाटलं, आणि मग वाटलं, तिला आवडलं असतं हे.

सोनिका चहा घेऊन आली. नंतर अंगणात मला बाजूला घेतलं. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. म्हणाली, "तुमचं काही मन तर नाही ना दुखत? खरं सांगा. तुमचा होकार नसन तर आईपण नाही म्हणून राहिली."

म्हटलं, "माझा? माझा तर सगळ्यांत आधी होकार! मनापासून."

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "मले वाटलं होतं तुम्ही चिडान. आई कितीक वर्षं एकटी हाय हो. आता मले काळजी नाही." म्हणजे लग्नानंतर आईला आपल्याकडेच आणायचं तिच्या मनात आहे. म्हटलं, "त्या आमच्याच घरी राहतील! त्यात विचारायचं काय?" मग ती आत गेली आणि सगळ्यांना ओरडून सांगितलं, "हो म्हणले!" मामांनी मला मिठी मारली. बाबांनी डोळे पुसले. रंभाबाईंनी माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली.

परत येताना बसमध्ये बाबांनी माझा हात धरून ठेवला होता, हुडकेश्वरपर्यंत. लहानपणी जत्रेत धरायचे तसा.

त्या बॅकअपसमोर उद्या माझ्यातर्फे नारळ फोडायचा.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सोनिकाचा मेसेज आला. "दादा, आई इचारून राहिली, तुमच्या बाबांची बीपीची गोळी सकाळची की रातची?"

बाबांना दाखवला. म्हणाले, "सकाळची. सांगून दे. अन् आता काहून तोंड पाडून राहिला बे? काल तूच तं सगळ्यात पयले हो म्हणला."