छत्रीला भोक

प्रिय शिंपीबुवा,

परवा मुलीने मोबाइलवर आपला तो हेरांचा सिनेमा शोधून दिला. शाळेच्या मैदानात चादर बांधून दाखवला होता, तोच. देवाशपथ सांगतो, पस्तीस वर्षं आपण फसलो रे.

इंग्रजी कोणालाच कळेना म्हणून गुरुजी खुर्चीवर उभे राहून अर्थ सांगत होते, आठवतं? हेर एका पायात बूट आणि दुसऱ्यात नुसता मोजा, असा धावत येतो आणि टोपीवाल्याच्या कानाशी लागतो. गुरुजी म्हणाले, हे परवलीचं वाक्य : तुमच्या छत्रीला भोक आहे. टोपीवाला म्हणतो, म्हणून तर आभाळ दिसतं. सगळं मैदान हसलं होतं. आता खाली मराठीत अक्षरं येतात. हेर एवढंच विचारतो, पुढची गाडी किती वाजता? टोपीवाला म्हणतो, माहीत नाही. सिनेमाभर छत्री कुठेच नाही. गुरुजींनाही इंग्रजी कळत नव्हतं! मी हसता हसता इतका खोकलो की मुलगी पाणी घेऊन धावली.

तरी खरं सांगू, गुरुजींचा सिनेमाच जास्त चांगला होता. त्या वाक्याच्या खुणेवर एकमेकांना उत्तरं पुरवत आपण गणिताचे पेपर निभावले. तुझ्यासाठी मुलगी बघायला गेलो, तेव्हा वहिनी आवडल्याची खूण म्हणून तू मला होणाऱ्या सासऱ्यांसमोर 'आभाळ दिसतंय' म्हणालास, आणि ते बिचारे छताकडे बघत बसले.

आणि दोन वर्षं झाली, मी तुझ्या दुकानाची पायरी चढलो नाही. तू शिवलेल्या माझ्या कोटाची एक बाही लांब झाली, तेव्हा गिऱ्हाइकांसमोर मी म्हणालो, ही बाही दुसरीच्या पाठलागावर निघालीय. सगळे हसले. तू गळ्यातली टेप काढून ठेवलीस आणि म्हणालास, 'या तुम्ही आता.' मला, 'या'. ते अजून टोचतं.

काल वहिनी भेटल्या. तुला तेव्हाच नीट दिसत नव्हतं, आता गुरुवारी डोळ्याचं ऑपरेशन आहे म्हणाल्या. रोज देवापुढे डोळे मिटून बसतो मी, पण मित्राचे डोळे काही मला दिसले नाहीत. चुकलो.

गुरुवारी ऑपरेशन झालं की तुझ्या डोळ्यावर पट्टी असेल. मी मोबाइल घेऊन येईन, सिनेमा लावीन आणि शेजारी बसून अर्थ सांगेन. गुरुजींसारखा, सगळा खोटा. दाराशी येऊन म्हणेन, तुमच्या छत्रीला भोक आहे. पुढचं वाक्य म्हणावंसं वाटलं नाही तर राहू दे. नुसतं 'ये' म्हण.

तुझाच,
लांब बाहीवाला