नाकाडीचं कपाट

९ मार्च, सोमवार
सकाळचे साडेदहा

धाकट्या,

अनेक आशीर्वाद. एकतीस वर्षांनी ताईचं अक्षर ओळखलंस ना? मग आधी वाच, फाडायचं असेल तर नंतर फाड. पत्ता तुझ्या बायकोच्या आतेभावाकडून मिळवला. त्याच्यावर चिडू नकोस. मी त्याच्या दारात दोन तास ठाण मांडून बसले होते, बिचारा करणार काय!

इकडे सगळं ठीक. गुडघे कुरकुरतात, तरी रोज कारखान्यात जाते आणि सगळ्यांच्या कामात चुका काढते. माझा थोरला आता कारखाना बघतो. हात बरा आहे त्याचा, जीभ त्याहून जास्त चालते. लोक म्हणतात माझ्यावर गेलाय. काहीतरीच!

तर परवा तो म्हणाला, "आई, चल, तुला किल्ल्यावर नेतो." टेकडीवरच्या किल्ल्यात आता संग्रहालय केलंय, आपल्या भागाच्या इतिहासाचं आणि कलेचं. गाडी अर्ध्या वाटेपर्यंतच जाते. पुढं दोनशे अठरा पायऱ्या. मोजल्या, कारण थोरला दर वळणावर "दमलीस का?" विचारत होता आणि मला त्याला उत्तर द्यायचं नव्हतं.

आत छान आहे रे. आपण लहानपणी ज्या खोल्यांत लपाछपी खेळायचो तिथं आता काचेची कपाटं आणि दिवे. तलवारी, नाणी, फुटकी भांडी. एका दालनात नुसत्या मोठ्या माणसांच्या तसबिरी, एकाच्याही चेहऱ्यावर हसू नाही. तेही पायऱ्या चढूनच आले असणार.

शेवटचं दालन लाकूडकामाचं. थोरल्यानं मुद्दाम माझे डोळे झाकले. मला कळेना, साठी उलटलेल्या बाईशी हा काय पोरकटपणा. हात काढला तर समोर कपाट.

तेच. दोन दारांचं, वेलीचं कोरीवकाम, डाव्या दारावर तो एक पक्षी मान वळवून बसलेला. बाबांनी ते ज्यांना विकलं होतं त्यांनी मागच्या वर्षी संग्रहालयाला देऊन टाकलं. खाली पाटी: कारागीर म्हणून बाबांचं नाव, आणि शेवटी "कुलूप नादुरुस्त".

थोरला तिथल्या प्रमुख बाईंना ऐटीत सांगत होता, "आमच्या आजोबांचं काम." बाई म्हणाल्या, चावी आहे, पण तीन कुलूपवाले हात टेकून गेले. जोर लावला तर लाकूड चिरेल म्हणून कपाट बंदच ठेवलंय.

मी गप्प राहायला हवं होतं. पण 'नादुरुस्त' वाचून माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "कुलूप धडधाकट आहे. आणा ती चावी." बाईंनी आधी नको-नको केलं, मग स्वतः जवळ उभ्या राहून दिली. मी चावी उलटी फिरवली, तू डावखुरा ना, आणि उजवं दार गुडघ्यानं हलकेच वर रेटलं. बाई किंचाळल्याच, "अहो, गुडघा काय लावताय!" तेवढ्यात दार उघडलं.

कडी सूतभर खाली बसलीये, ताई, उद्या वर घेतो, असं म्हणाला होतास तू. दार कसं रेटायचं तेही मलाच दाखवलं होतंस. तो उद्या बाबांनी येऊच दिला नाही. सकाळीच कपाट गाडीत घालून प्रदर्शनाला नेलं.

बाई हुशार. त्यांनी विचारलं, "ही खुबी तुमच्या वडिलांनी शिकवली?"

धाकट्या, बाबांना ती येतच नव्हती. आठवतं ना, परीक्षकांसमोर ते चावीशी झटत होते, कपाळावर घाम. मी पुढं होऊन उघडलं. परीक्षकांनी विचारलं, "हे तुमचंच काम ना?" बाबा म्हणाले, "हो." मग परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. तू मागं पॉलिशचा डबा धरून उभा होतास. आणि मी म्हणाले, "हो, बाबांचंच."

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की चारचौघांत बाबांची मान खाली जाऊ नये म्हणून बोलले. खोटं आहे ते. बाबा कारखाना कुणाच्या हाती द्यायचा ते त्याच महिन्यात ठरवणार होते. तुझा हात माझ्यापेक्षा सरस आहे हे सगळ्यांसमोर ठरलेलं मला नको होतं. मला कारखाना हवा होता. मिळाला. आठवड्याभरात तू घर सोडलंस.

बाईंनी खालचा खण बाहेर काढून उलटा केला. तळाला पेन्सिलीनं माझं चित्र! नाक तर असं काढलंयस की अर्ध्या खणाला पुरलंय. खाली तुझं अक्षर: "नाकाडीच्या संसाराला, धाकट्याकडून."

माझ्या लग्नासाठी करत होतास? मला एका शब्दानं सांगितलं नाहीस. मी तिथंच, सगळ्यांसमोर, जमिनीवर बसून रडले. रखवालदारानं पाणी आणून दिलं.

मग उठले आणि बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी लिहून मागितलं, मी लिहून सही केली. थोरला म्हणाला, "आई, आपल्या कारखान्याच्या फलकावर याच कपाटाचं चित्र आहे!" म्हटलं, "मग उतरव." दोनशे अठरा पायऱ्या तो माझ्याशी बोलला नाही. काल मात्र जेवताना हळूच विचारलं, "मामा असतात कुठं?" फलकही उतरवलाय.

कपाटाखालची पाटी काढलीये, जागा रिकामी आहे. बाई म्हणतात, कारागीर हयात आहे तर त्यानं येऊन, बघून, स्वतः सांगावं. एक तारखेपर्यंत थांबतील. ये. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, मी दारापाशी बसेन. पण तुझं नाव त्या पाटीवर यायलाच हवं, त्यात मी काही ऐकणार नाही. आणि कडी वर घेऊ का, असं बाईंनी विचारलं. मी ठणकावून सांगितलं, ज्यानं बसवली त्यालाच विचारा.

माफी मागायला तोंड नाही, म्हणून मागत नाही. पण तुझ्याकडे हे माझ्या हातानं लिहिलेलं असायला हवं: ते कपाट तू केलंस. त्या दिवशी मी खोटं बोलले.

वर आशीर्वाद लिहिलेत ते सवयीनं. ताई म्हणवून घ्यायचा हक्क उरलाय का, ते तू ठरव. तोवर,

तुझी,
नाकाडी