कपाटातला उजेड

॥ श्री ॥
नंदुरबार, ता. ५ ऑक्टोबर १९५९

गं. भा. रंजनावहिनी यांस,
रतिलालचा साष्टांग नमस्कार. वि. वि. मी इकडे खुशाल आहे. गाडी दारात आणायची नाही, आणि गाडी आहे तोवर तूही येऊ नकोस, असं आईने बजावल्यामुळे पत्रावरच भागवतो.

मगनदादा गेल्यापासून गॅरेजच्या अंगणात धूळ खात पडलेली आपली गाडी मी पुन्हा उभी करतो आहे. सारंगखेड्याच्या जत्रेत लाऊडस्पीकर लावायचा, आठवडाभर गाडीतच राहायचं, तर वीज हवी. बॅटरीच्या विजेची घरातल्यासारखी वीज करणारा जुना कन्व्हर्टर आपण विकून टाकला होता, म्हणून दुसरा आणला. धूड इतकं जड की ते चढवताना मी आणि ड्रायव्हर दिलवरसिंग पार वाकलो. जाड सागवानी फळीवर, खाली जुन्या टायरचे तुकडे घालून तो बोल्टांनी आवळला, म्हणजे त्याची घरघर सगळ्या गाडीत भरत नाही. दादाने ओढलेल्या तारांची टोकं होती तशीच जोडली.

आता पुढचं वाचून हसू नका. काल दिवेलागणीला मशीन सुरू केलं, आणि मागच्या कपाटाच्या फटीतून उजेड आला. हे कपाट दादाने त्याच्या शेवटच्या जत्रेच्या आधी केलं होतं. रेकॉर्डी ठेवतो म्हणाला आणि कुलूप घातलं. किल्ली आजवर सापडलेली नाही. मशीन बंद केलं की उजेड हळूहळू विझतो, जसं आत कुणी कंदिलाची वात खाली करतंय. दिलवरसिंग उतरला तो पुन्हा चढलाच नाही. मोठे मालक अजून गाडीतच आहेत म्हणतो. मी त्याला हसलो, पण रात्री मीही बाहेरच झोपलो. वहिनी, दादा त्या कपाटाशेजारच्या खाटेवरच सापडला होता. मला भीती वाटते. कुलूप तोडू, की भगताला बोलावू?

आपल्या आशीर्वादाचा भुकेला,
रतिलाल

॥ श्री ॥
प्रकाशा, ता. ९ ऑक्टोबर १९५९

चि. रतिलालभाऊजींना अनेक उत्तम आशीर्वाद.
पत्र पोचलं. सासूबाई केळीच्या बागेत गेल्यावर वाचलं. बैलासारखा माणूस आणि कपाटाला घाबरतो, हे तुमच्या होणाऱ्या बायकोला आधीच कळवायला हवं.

तुम्हाला भीती वाटते आणि मला आशा वाटते, हे मी कुणाला सांगू? मला अजून धुराचा वास येतो. अंगणात नाही, माझ्या उशाशी. त्या दिवशी तुम्ही रेकॉर्डच्या सुया आणायला शहाद्याला गेला होतात. बॅटऱ्या भरायला इंजिन सुरू होतं, थंडीमुळे दारं लावलेली, आणि आत नुसता धूर. जत्रेतली माणसं म्हणाली, दारं बंद करून इंजिन चालवणारा माणूस चुकून मरत नसतो. सासूबाईंनी तेच धरलं. त्या मला एकदाच म्हणाल्या, “तुन्हा बोलामुये मन्हा पोऱ्या गया.” तेव्हापासून त्या माझ्या हातचं पाणी घेत नाहीत.

मी काय बोलले होते ते तुम्हाला ठाऊकच आहे. तुमच्या दादांना मी गाडीत सोबत हवी होते. आपल्या घरात सुना लाज धरतात, परक्या पुरुषांदेखत उघड्यावर चूल कशी पेटवू, आधी आडोसा करा मग येईन, एवढंच म्हणाले. ते तसेच गॅरेजवर निघून गेले ते गेलेच. त्यांनी खरंच जीव दिला का, एवढं मला कळायला हवं. भगत नको. कुलूप तोडा. आत काही का असेना, मला लिहा.

जपून असा.
तुमची वहिनी, रंजना

॥ श्री ॥
नंदुरबार, ता. १५ ऑक्टोबर १९५९

गं. भा. वहिनींच्या चरणी सा. न.
कुलूप तोडलं. आत भूत नाही, वहिनी, आत तुमचं स्वयंपाकघर आहे.

स्टोव्हसाठी पत्रा ठोकलेली फळी, पळ्या अडकवायला खिळे, वर बल्ब. बल्बचं बटण चालूच राहिलं होतं, म्हणून मशीनबरोबर तो पेटायचा. दादा गाडीत शिरताना वाकायचा, पण बटण त्याने इतकं खाली लावलं आहे की माझा हात आधी वरच चाचपडत राहिला. ते तुमच्या उंचीला बेतलेलं आहे. कपाटाचं दार उघडलं की पुढच्या सीटवरून मागचं काही दिसत नाही, सुखाने बसून भाकरी थापता येईल. मला मात्र रेकॉर्डींची थाप मारली. मला त्याचा राग आला आणि मग मी तिथेच बसून पोटभर रडलो.

जीव देणारा माणूस असा आडोसा करत बसतो का? हे पत्र आईला वाचून दाखवा.

तारा मी नव्याने ओढल्या आहेत. दादाची तार मशीनपासून गाडीच्या पोटाखालून जाऊन कपाटात वर निघाली होती, ती आता छताच्या कडेने नेली. तळाची एक फळी बदलली. काळजी करू नये.

आपला,
रतिलाल

॥ श्री ॥
प्रकाशा, ता. २० ऑक्टोबर १९५९

चि. रतिलालभाऊजींना अनेक आशीर्वाद.
पत्र सासूबाईंना वाचून दाखवलं. बटणाचं त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, “रंजना, पानी लई ये.” मी दिलं आणि त्या प्यायल्या. तुम्हाला घरी बोलावलं आहे, गाडीसकट.

भाऊजी, तुम्ही एक गोष्ट लिहिली नाहीत. तार खालून कपाटात वर निघाली, म्हणजे तिच्यासाठी तळाला भोक पाडलं होतं. इंजिनाच्या धुराची नळी तिथूनच जाते. धूर आत आला कुठून, ते आपल्यापैकी कुणालाच कळत नव्हतं. तुम्हाला कळलं, म्हणूनच ती फळी बदललीत.

त्यांनी जीव दिला नाही, हे देवाने मला दिलं. पण मी आडोसा मागितला नसता तर ते भोक पडलं नसतं. सासूबाई बोलल्या होत्या ते खोटं नव्हतं.

हे त्यांना सांगू नका. मीही सांगणार नाही. त्या आता कुठे माझ्या हातचं पाणी पिऊ लागल्या आहेत.

लवकर या, आमच्यावरची माया कमी होऊ देऊ नका.
तुमची वहिनी, रंजना