करडे चौकोन फिके करताना

३ जून, झोंबा शहर
साहेबांचा हुकूम — फाईलमधले करडे चौकोन फिके कर! तळ्याच्या पाण्याचा अंदाज काढणारी आमची फाईल. चार ओळी साध्या भाषेत कारण, खाली करड्या चौकोनात कोड, परत कारण, परत चौकोन. "डोळ्यांत घुसतात गं. मधलं काही वाचताच येत नाही," साहेब, म्हणजे बाम्बो ('श्रीयुत') काम्बेवा, म्हणाले.

तेच तर बरं आहे! मधल्या मजकुरात मी काय काय लिहून ठेवलंय ते कुणी वाचलं तर माझी शंभरी भरली. 'इथे सरासरी घेतली, कारण साहेबांना भूक लागली होती.' 'या आकड्याचं कारण बाम्बो काम्बेवांना विचारू नये, अख्खी दुपार सांगत बसतील.' ऑफिसात सगळे कोडवाले. एका चौकोनावरून दुसऱ्यावर उड्या मारतात. मधलं वाचतंय कोण?

४ जून
करडा रंग काढला. डावीकडे नुसती बारीक रेघ, कोडचं अक्षर लहान. आणि माझे टोमणे पानभर उठून दिसायला लागले. घाईघाईने रंग परत टाकला. आधीपेक्षा गडद.

५ जून
"हे फिकं?" — साहेब. म्हटलं, तुमच्या स्क्रीनचा दोष असेल. शेजारच्या टेबलावर म्फात्सोला मांडाझी खाताना ठसका लागला. मागाहून म्हणतो कसा, "बाई, तुझा करार या महिन्यात संपतोय. सही कुणाची लागते, आठवतंय ना?"
आठवतंय.

८ जून
हरले. साहेबांचं नाव शोधून शोधून एकूणएक टोमणा उडवला. जिवावर आलं — काही फार झकास जमले होते. मग चौकोनही मिटवले. आता प्रत्येकाच्या जागी फक्त एक फिकी ओळ दिसते, बोट लावलं की कोड उघडतो. पान अगदी स्वच्छ. आणि बेचव — नुसती मक्याची न्सिमा, तोंडी लावायला काही नाही.

९ जून
सही झाली. कागद हातात देऊनही साहेब टेबलाशी घुटमळत राहिले.
"ते सगळं काढलंस का गं?"
"काय, बाम्बो?"
"ती भुकेची गंमत वगैरे. मला कोड कुठे कळतो? मी मधलंच वाचतो. संध्याकाळी बायकोला वाचून दाखवायचो. अंथरुणातून उठवत नाही ना तिला आता. हसायची. गेल्या आठवड्यात म्हणाली, माझं मी वाचेन. पण तिच्या फोनवर नुसते चौकोनच चौकोन. म्हणून तर फिके करायला सांगितले."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. जुने टोमणे परत आणणं मिनिटाचं काम, पण ते तिचे ऐकून झालेत. नवे लिहायला बसलेय. एकही सुचत नाही.