दुकानात कोण थांबणार?

शनिवार, १४ जून
कालव्यांच्या गावाहून

सौ. मालकीणबाईंना सप्रेम नमस्कार.

मी खुशाल आहे. भूक लागते, झोप लागते, गुडघा कुरकुरतो पण चालतो. तू फोन घेत नाहीस, आणि घेतलासच तर "गिऱ्हाईक आहे" म्हणून ठेवून देतेस, तेव्हा म्हटलं, पत्रच लिहावं. आमची गाईड मुलगी या कागदाचा मोबाईलवर फोटो काढून आपल्या शेजारच्या औषधवाल्याला पाठवणार आहे. तो छापून तुला आणून देईल. औषधवाले, तुम्हालाही नमस्कार. वाचलंत तरी हरकत नाही, पण बायकोशी चार शब्द बोलेन तेव्हा तेवढी मान वळवा.

इथल्या गावांची नावं माझ्या जिभेवर बसत नाहीत, म्हणून मी माझीच नावं ठेवली आहेत. हे कालव्यांचं गाव. इथून पुढे चढांचं गाव आणि शेवटी पुलांचं. युरोपात येऊन काय पाहिलंस असं कुणी विचारलं तर मी सांगेन, टेबलक्लॉथ! हॉटेलातल्या प्रत्येक टेबलावर पांढराशुभ्र कपडा आणि मधोमध अशी सरळ घडी, की मी न राहवून तिच्यावरून बोट फिरवलं. वेटर धावत आला, काही सांडलं का म्हणून. गाईडकरवी त्याला सांगितलं, बाबा रे, आम्ही लाँड्रीवाले, शाबासकी देतोय. तो इतका खूश झाला की मला आत नेऊन त्यांचं इस्त्रीचं यंत्र दाखवलं. भलं मोठं धूड, पण उशीच्या अभ्र्यांच्या कोपऱ्यात चुण्या ठेवतं. तू असतीस तर अख्खा गठ्ठा परत पाठवला असतास.

आता कामाच्या गोष्टी. नीट वाच.

इथे रस्ता ओलांडायला पट्ट्यावर उभं राहिलं की गाडीवाला थांबतो. खरंच थांबतो! पहिल्या दिवशी मी त्याला "तू जा" म्हणून हात केला, त्याने मला केला, मी त्याला केला. मागे गाड्यांची रांग लागली तरी आमचं आपलं "पहले आप" चालूच. तर तू सरळ चालू लाग. मात्र रस्त्याच्या कडेला लाल रंगाचा पट्टा असतो, तो सायकलींचा. त्यावर उभं राहून देखावा बघायचा नाही. आमच्या सहलीतले दाताचे डॉक्टर उभे राहिले, आणि एका आजीबाईंनी सायकलवरून जाताजाता त्यांना अशी काही घंटी वाजवली की बिचारे अजून घंटा ऐकली की दचकतात.

जुने, मळलेले, पायाला सरावलेले बूटच आण. नवे कोरे आणशील तर खोलीत बसून पाय शेकत बसशील. पाणी प्यायची बाटली जवळ ठेव, चौकाचौकात नळ आहेत. पर्स पोटावर. मोठी चर्चं भर दुपारी बघ, आत गार असतं आणि बसायला बाक असतात. बाकी काही कळलं नाही तरी वर बघत चाल, सगळी मजा वरच्या मजल्यांवर आहे. काल एका तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत एक गृहस्थ शर्ट इस्त्री करत होता. आधी कॉलर, मग बाह्या. बरोबर आपल्यासारखं. मी खालून हात हलवला, त्यानेही इस्त्री उचलून हलवली.

पाव दगडासारखा असतो, पण सूपात बुडवला की छान लागतो. संध्याकाळ संपता संपत नाही. जेवून बाहेर आलं तरी लख्ख उजेड, पोरंसोरं खेळतायत. तुला आवडेल.

तू म्हणशील, मी तर आलेच नाही, मला कशाला या सूचना? त्याचं असं झालंय, की आमच्या सहलीतल्या मंडळींच्या लेखी तू आलेली आहेस. म्हणजे पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "वहिनी कुठे?" आता विमानतळाच्या दारातून माझी बायको माघारी गेली असं चारचौघांत कसं सांगू? तोंडातून निघालं, "खोलीत आराम करतेय. डोकं दुखतंय." झालं. पण डोकं दुखून दुखून किती दिवस दुखणार, म्हणून दुसऱ्या दिवशी तुझा पाय मुरगळला. आमच्यात एक निवृत्त मुख्याध्यापिका बाई आहेत, त्यांनी तुझ्यासाठी मलम दिलं. दाताच्या डॉक्टरांची बायको रोज रुमालात बांधून केक देते. केक मी खातो. मलम माझ्या गुडघ्याला लावतो, गुण आहे. गाईडला तेवढं खरं माहीत आहे, ती गालातल्या गालात हसते आणि गप्प बसते.

लेकीचा काल फोन आला होता. ती म्हणते, आईचं तिकीट मी रद्द केलेलं नाही, तारीख बदलता येते, गुरुवारच्या विमानात जागा आहे. शुक्रवारपासून आमचा मुक्काम पुलांच्या गावी आहे, चांगला ऐसपैस. मी आपलं सांगून ठेवलं. दुकानाचं तू बघच.

प्रकृतीला जप, इस्त्रीची वायर जरा तापते, तिच्याकडे लक्ष असू दे.

तुझा,
केक खाऊन सुटलेला नवरा


मंगळवार, १७ जून
चढांच्या गावाहून

सौ. मालकीणबाई,

नमस्कार. आज जरा गडबडीत लिहितो, कारण बिंग फुटलं.

सकाळी मुख्याध्यापिका बाई थेट खोलीवर आल्या. म्हणाल्या, "चार दिवस झाले, वहिनींचा पाय बघू तरी द्या." मी दार अडवून उभा. म्हटलं, "झोपलीय." त्या म्हणाल्या, "मग हळूच बघते." शाळेत तीस-पस्तीस वर्षं पोरांच्या थापा ऐकलेली बाई ती, तिच्यापुढे माझी काय टाप! तिने एक नजर टाकली. एक खाट चुरगळलेली, दुसरी कडक इस्त्रीची. माझ्याकडे बघून म्हणाली, "वहिनी फारच टापटिपीने झोपतात हो."

मग न्याहारीला सगळ्यांसमोर खरं सांगितलं. मला वाटलं, आता तोंड दाखवायची सोय नाही. पण मंडळी अशी हसली की दाताच्या डॉक्टरांच्या नाकातून कॉफी आली. डॉक्टरांची बायको म्हणाली, "म्हणजे इतके केक तुम्ही एकट्यांनी खाल्ले?" आणि मग कुणीतरी विचारलं, "पण वहिनी परत का गेल्या?"

मी नेहमीचं सांगितलं. दुकान आहे, एका नवरदेवाचा कोट द्यायचा राहिला होता, तिला विमानतळावर आठवलं. सगळ्यांनी मान डोलावली. मुख्याध्यापिका बाईंनी नाही डोलावली. त्या म्हणाल्या, "बरं. त्यांनी कोटाचं सांगितल्यावर तुम्ही काय म्हणालात?"

औषधवाले, आता मान वळवा.

मी काय म्हणालो ते तुला ठाऊक आहे. दारात तू थबकलीस आणि म्हणालीस, "मग दुकानात कोण थांबणार?" आणि मी म्हणालो, "बरं, तू बघ, मी जाऊन येतो."

अगं, ते मी म्हणालोच नाही, ते आपोआप निघालं. लग्न झाल्यापासून रोज तेच म्हणत आलोय. लेकीच्या शाळेत गॅदरिंग, तू दुकानात, मी जाऊन येतो. तुझ्या भावाच्या घराची वास्तुशांत, मी दुकानात, तू जाऊन ये. लेकीच्या लग्नात तर वऱ्हाडाचेच कपडे आपल्याकडे इस्त्रीला, तू मांडवात आणि मी शेवटचा सदरा देऊन अक्षता पडता पडता पोचलो. एकाने निघायचं तर दुसऱ्याने थांबायचं, हा आपला नेम. कुणी घातला नव्हता, पण कधी मोडला नाही. घरात किती फोटो आहेत, पण तू आणि मी एका फोटोत आहोत तो एकच, आपल्या लग्नातला.

विमानात बसल्यावर शेजारची खुर्ची रिकामी बघितली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तू कोटासाठी थबकली नव्हतीस. तू बघत होतीस, की हा एकदा तरी म्हणतो का. आणि मी मूर्ख हात हलवून आत गेलो. एवढ्या सूचना लिहिल्या, बूट आण, पर्स पोटावर, पाणी जवळ ठेव, पण मुख्य गोष्ट लिहायची हिंमत झाली नाही. उगाच "दुकानाचं तू बघच" म्हणून मोकळा झालो.

या गावात सगळे रस्ते चढाचे. आज एक म्हातारं जोडपं आमच्यापुढे चालत होतं. तो दहा पावलं गेला की थांबायचा, ती आली की पुन्हा निघायचा. ते बघताना मला असं वाटलं, की तू रस्त्याने माझ्या शेजारून चालताना पुढे जातेस की मागे राहतेस, भरभर चालतेस की दुकानं बघत रेंगाळतेस, यातलं मला काहीच माहीत नाही. तुझा इस्त्रीवरचा हात मी डोळे मिटून ओळखेन. चाल नाही ओळखता येणार. फार वाईट वाटलं गं.

तेव्हा उशिरा का होईना, म्हणतो.

मालकीणबाई, चल. माझ्याबरोबर चल. दुकानात कुणी थांबायचं नाही.

तुझीच वाट बघणारा,
तुझा


बुधवार, १८ जून

अहो,

नमस्कार. पत्र पोचलं. औषधवाल्याने मान वळवली नाही. डोळे पुसत पुसत आणून दिलं आणि जाताना म्हणाला, "काकू, आता मात्र जाच." पुढचं पत्र पाठवाल तेव्हा लक्षात ठेवा, त्याची बायकोही वाचते.

आता माझंही ऐका. नवरदेवाचा कोट मी दुसऱ्याच दिवशी सकाळी दिला. त्यानंतर दुकानात चिटपाखरू फिरकलेलं नाही. कसं फिरकेल? आपण महिनाभर जो येईल त्याला सांगत होतो ना, आम्ही सहलीला जाणार, दुकान बंद राहणार! सगळे आपापले कपडे दुसरीकडे देऊन बसले. तेव्हा तुम्हाला फोनवर सांगत होते ते गिऱ्हाईक म्हणजे मीच. दुकानाचे पडदे तीनदा इस्त्री करून झाले. काल केर काढायचं फडकं इस्त्री केलं, आणि मलाच हसू आलं. तुम्ही तिकडे लोकांना सांगताय बायको खोलीत आहे, मी इकडे सांगतेय दुकानात गर्दी आहे. देवाने जोडा बरोबर बघून दिलाय.

आणि हो, तुम्ही आत गेल्यावर मी लगेच निघाले नव्हते. त्या काचेपाशी उभी होते. वाटलं, वळून बघाल. पहारेकरी दोनदा येऊन गेला, "मावशी, बाजूला व्हा" म्हणून. राग आला होता तुमचा. फार आला होता. तुमचं पहिलं पत्र आलं, त्यात बूट काय, पाव काय, सायकली काय, आणि शेवटी "दुकानाचं तू बघच." ते मी रागाने गल्ल्यात टाकलं. मग रोज बाहेर काढून वाचत होते तो भाग वेगळा.

दुसरं पत्र एकदाच वाचलं. मग लेकीला फोन लावला.

उद्याच्या विमानात जागा मिळाली. जावई सोडायला येतोय. जुने बूट काढून ठेवलेत, पर्स पोटावर लावून आत्ताच आरशात बघितली, कांगारूसारखी दिसते. मुख्याध्यापिका बाईंना माझा नमस्कार सांगा, आणि त्या केकवाल्या बाईंना म्हणावं, एक शिल्लक ठेवा.

दुकानाला कुलूप लावलं. किल्ली बरोबर घेतलीय, मागे कुणाकडे ठेवली नाही. आपल्या दोघांपैकी कुणीच आत नाही असं कुलूप मी आयुष्यात पहिल्यांदा लावलं. दोनदा ओढून बघितलं. मग पायरी उतरून रस्त्यावर आले आणि इतकं हलकं वाटलं, की भर रस्त्यात हसत सुटले.

मी कशी चालते ते मलाही माहीत नाही. परवा बघू.

विमानतळावर या. दारातच उभे राहा, आणि सूचना नंतर, आधी हात धरा. आणि मला मालकीणबाई म्हणून हाक मारू नका. दुकान बंद आहे.

तुमच्याकडे निघालेली,
तुमची बायको