मुख्य खात्याचा नंबर

आदरणीय मलसुन ताई यांना ग्योंगहोचा बेटावरून वाकून नमस्कार.

गुडघे कसे आहेत? इंचॉनला लेकीच्या सातव्या मजल्यावरून तुम्हाला समुद्र दिसतो म्हणे, पण वास येतो का? मी ठीक आहे. केस तेवढे तुमच्याबरोबरच निवृत्त झाले. दर सोमवारी फोनवर तुम्ही सहा आकडे सांगता आणि नातू रडतो म्हणून लगेच ठेवून देता. बाकीचं सगळं तुंबून राहतं, म्हणून हे पत्र.

मुख्य कचेरीचा हुकूम आला, की शेवाळवाल्यांच्या आपल्या संस्थेतल्या त्रेचाळीसही सभासदांच्या खात्यांना दोन पायऱ्यांची पडताळणी लावा. आधी पासवर्ड, मग मोबाइलवर येणारा कोड. तुमच्या खिडकीवर एकच पायरी होती. माणूस जिन्यात खोकला, की तुम्ही मान वर न करता त्याची वही काढायचात. (गू चाबोंगकाका सहीचा शिक्का घरी विसरले, तेव्हा तुम्ही रताळ्यावर त्यांचं नाव कोरून काम भागवलं होतंत. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.)

बाकी बेचाळीस जणांचं कसंबसं जमलं, राहिले चाबोंगकाका. त्यांचा पहिला कोड आला तेव्हा ते नावेत होते. दोन्ही हातांत दोर, म्हणून कोड वाचला काकूंनी आणि धक्क्यावर उभ्या असलेल्या मला ओरडून सांगितला काकांनी. अख्ख्या धक्क्याला पाठ झाला. "अहो काका, हा गुप्त ठेवायचा असतो!" तर म्हणाले, "मग हळू ओरडू का?" शेवटी मी त्यांना अडचणीच्या वेळेसाठी दहा राखीव कोड छापून दिले आणि जिवापाड जपा म्हटलं. त्यांनी जपले, किमचीच्या फ्रिजमध्ये. गेल्या सोमवारी त्यांचा फोन समुद्रात पडला आणि काका तो कागद घेऊन धावत आले. तिखटाने लालभडक, एक आकडा वाचता येईल तर शपथ. दुपारी बाराच्या आत खात्यातून शेवाळ सुकवायच्या शेडमध्ये नंबर लागला नाही, तर कापलेलं सगळं शेवाळ कुजणार होतं.

त्यांची पडताळणी काढून नव्याने लावायची तर मला संस्थेच्या मुख्य खात्यात शिरायला हवं, आणि त्याचा कोड अजून तुमच्याच फोनवर येतो (तो नंबर बदलतात कसा, देव जाणे). नऊ वेळा फोन लावला. तुम्ही सार्वजनिक न्हाणीघरात आणि फोन कपड्यांच्या कपाटात. आम्ही दोघं कागदी पेल्यांतली कॉफी पीत बसलो. काका आधी घड्याळाकडे बघत होते, मग तुमच्या खुर्चीकडे बघायला लागले. म्हणाले, "वादळात माझी सगळी जाळी वाहून गेली ना, त्या दिवशी इथे आलो होतो. तिने काही विचारलं नाही. जेवलात का, एवढंच. नाही म्हटलं, तर स्वतःचा डबा पुढे सरकवला." ताई, बावीस वर्षं मी शेजारच्या टेबलाशी बसलो, आणि हे मला माहीत नव्हतं.

पावणेबाराला तुमचा फोन आला. "कोण गेलं?" हा तुमचा पहिला प्रश्न. आकडे मिळाले, मी आत शिरलो, काकूंचा मोबाइल जोडून दिला आणि शेडचा चौथा नंबर लागला. शेवाळ वाचलं. मग काकांनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला आणि ओरडले, "मलसुन, जेवलीस का गं?" तुम्ही काय म्हणालात ते त्यांनी मला सांगितलं नाही. फोन माझ्या हातात परत ठेवला. मग जिना उतरून गेले, टोपी टेबलावरच राहिली.

तुमचाच,
ग्योंगहो

ता. क. मुख्य खात्याचा नंबर येत्या शुक्रवारपर्यंत बदला, असं मुख्य कचेरीने बजावलंय. त्यासाठी जुन्या नंबराच्या मालकाला फोन घेऊन समक्ष हजर राहावं लागतं, असा नियम आहे. साडेनऊची लाँच पकडा. काकू कालवांचं सूप करणार आहेत.

ता. क. २. असा काही नियम नाही. नंबर दोन मिनिटांत बदलतो, आणि कसा ते मला तुम्ही गेलात त्या आठवड्यापासून ठाऊक आहे. दर सोमवारी फोन करायला दुसरं निमित्त सापडत नव्हतं. तरीही या. फोन घरी विसरलात तरी चालेल.